उपाशी राहायची सवय असलेली झाडं

आक्का गेल्याचं मला कळलं तेव्हा मी डाळ शिजत घातली होती. निपाणीचं पाणी जड, त्यात डाळ लवकर शिजत नाही, आणि मी चुलीपुढं बसून रोजच्यासारखी त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडत होते. एवढ्यात बेळगावच्या मोटारीनं आलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. तिकडे बेळगावात खडेबाजाराजवळ माझ्या सासरच्या घराच्या पुढच्या गाळ्यात भांड्यांचं दुकान आहे, तिथला तो नोकर. डोक्यावरचं भिजलेलं पोतं काढायचंही त्याला भान नव्हतं. म्हणाला, ‘‘थोरल्या वैनी गेल्या. परवाच.’’ परवा... नदीला पाणी चढलं म्हणून मोटार वाटेत संकेश्वरला अडकून पडली होती. म्हणजे इकडे काल मी शेजारणीकडे बसून पोट धरून हसले होते, आणि तेव्हा आक्का नव्हती. मला अजून ते हसणं आठवलं की स्वतःच्या तोंडाची शिसारी येते.

आम्ही बेळगावला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. चार दिवस ताप होता म्हणे, छातीत कफ साठला होता, आणि निपाणीला कळवू नका, पावसापाण्याचे ते कशाला येतात, असं तिनंच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या बायका भेटायला आल्या आणि ‘सुटली बिचारी’ असं एकीमागून एक म्हणू लागल्या. मी फटकळ आहे, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. मी त्यांना विचारलं की ती कशात अडकली होती हे तुम्हाला ठाऊक होतं, तर इतकी वर्षं कुणी तोंड का उघडलं नाही. त्यानंतर फारसं कुणी आलं नाही. आता ह्या महिन्यात सगळीकडे स्वातंत्र्याची तोरणं लागली आहेत, वर्तमानपत्रांत मोठ्या माणसांच्या मोठ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याच पुरवणीत मी एका अशा बाईवर लिहायला बसले आहे जी अठ्ठावीस-तीस वर्षांत आमच्या घराचा उंबरठा ओलांडून बाजाराच्या टोकापर्यंतही गेली नाही. वाचणाऱ्यानं वाचावं. मला लिहिल्यावाचून राहवत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर खानापूरकडचं, गुंजी स्टेशनापासून रानात आत गेल्यावर एक लहानसं गाव, भाताची खाचरं आणि घरामागून वाहणारा ओढा. लहान वयात लग्न होऊन ती बेळगावात आली, आणि तिला घर नीट कळायच्या आत मानमोडीची, त्या इन्फ्लुएंझाची, साथ आली. त्या साथीत आमचे थोरले दीर गेले. त्याच महिन्यात तिकडे गुंजीला तिचे आईबापही गेले. म्हणजे सासरचा आधार तुटला आणि परत जायला माहेरही उरलं नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचं ठेवलं. ‘हे कर, ते उचल.’ माझा मुलगा ह्या पांढऱ्या पायाच्या पोरीनं खाल्ला, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यादेखत सांगत. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा हे सगळं मुरलेलं होतं. मला पहिल्याच आठवड्यात ते असह्य झालं आणि मी एकदा सासूबाईंना उलटून बोलले, तर त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि त्याचा त्रास मला नाही, आक्काला झाला. तेव्हापासून मी दात आवळून राहायला शिकले. फार चांगलं शिकले असं नाही.

घरामागच्या खोलीत, जिथं लाकडं आणि शेणी ठेवत, तिथं आक्काची वळकटी असे. त्या खोलीला परसाकडे उघडणारी एक खिडकी होती. तिच्या गावचे परसूमामा शिकेकाई, फणस, कधी मध असं काहीबाही घेऊन रेल्वेनं बेळगावच्या बाजाराला येत आणि परतताना परसाच्या दारानं तिला भेटून जात. एकदा त्यांनी एका मडक्यात तिच्या घरामागच्या ओढ्यातले मासे आणले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर काळी रेघ असलेले. ‘तू ल्हान असताना पदरानं धरायचीस की,’ एवढंच म्हणाले. तिनं ते परसातल्या दगडी दोणीत सोडले, विहिरीचं पाणी भरलं, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे उताणे तरंगू लागले. आक्का रडली नाही. ती दोणीपाशी उकिडवी बसून राहिली आणि मी हाक मारली तरी उठेना. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिची भीती वाटली. एखादं माणूस आतून पार संपत आलं की असं बसतं, हे मला दिसलं.

माझे यजमान हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांनी शाळेतलं एक मोडकं काचेचं कपाट मागून आणलं, त्याच्या काचांना डांबर आणि राळ लावून एक पेटी केली आणि ती आक्काच्या खिडकीपाशी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, घरात मासे म्हणजे ओवळं, माझ्या वाऱ्याला आणू नका. पण मुलाच्या हातची वस्तू म्हणून त्यांनी ती फेकली नाही. परसूमामांना ओढ्याचं पाणीही मडक्यांतून आणायला सांगितलं. ते पाणी चहाच्या पुसटशा रंगाचं होतं. यजमानांनी त्यात निळा कागद बुडवला तर तो तांबूस झाला. म्हणजे पाणी आंबटसर. साबण लावला तर फेस मावेना. म्हणजे हलकं. रानातल्या कुजलेल्या पानांवरून आणि तांबड्या जांभ्या मातीतून येणारं पाणी ते, त्यात चुना म्हणून नाही. आमच्या विहिरीचं पाणी त्याच्या अगदी उलट. मासे कशानं मेले ते कळलं. आता ह्या पाण्यात झाडं कुठली लावायची, हा प्रश्न होता, कारण झाडांवाचून मासे फार दिवस टिकणार नाहीत असं यजमानांचं पुस्तक सांगत होतं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष त्या घरात दीर-भावजय जी भांडली, ती आठवली की मला आजही हसू येतं. यजमानांनी आधी किल्ल्याच्या खंदकातून दाट, तजेलदार पाणवेल आणली. खंदकाच्या पाण्यात ती रान माजवते, पण आक्काच्या पेटीत पाचव्या-सहाव्या दिवशी तिचा चिखल झाला. त्या पाण्यात तिला खायलाच काही नव्हतं. मग आक्कानं तोडगा काढला. खायला नाही तर घालू या, म्हणून तिनं तळाच्या वाळूत चांगलं मुरलेलं शेणखत मिसळलं, आणि दोन दिवसांत असा वास सुटला की गाळ्यातला भांडेवाला आत विचारायला आला की काय मेलंय. ते सगळं उपसलं. मग यजमानांनी पेटी सुंदर दिसावी म्हणून तळाला गोकर्णाहून आलेले पांढरे शिंपले पसरले. शिंपल्यांनी पाण्यात चुना सोडला, हलकं पाणी जड झालं आणि मुंबईहून मागवलेल्या रोपांची पानं पिवळी पडून गळाली. शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं हे करावं... आक्कानं पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हा.

शेवटी एके दिवशी ती म्हणाली, ‘‘भावोजी, बाजारातली न्हाय, खंदकातली न्हाय. ह्या पाण्यात उपाशी राहायची सवय असलेली झाडं पायजेत.’’ तिनं डोळे मिटून ओढा आठवला आणि परसूमामांना सांगितलं की जांभळीच्या मुळाशी, जिथं ऊन पोचत नाही, तिथल्या दगडाला धरून असलेला नेचा आणा. खालच्या वळणावरच्या धोंड्यावरचं शेवाळ आणा. आणि काठाला अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर असतं ते काळपट चिंचोळ्या पानांचं झुडूप मुळासकट आणा. सगळी हळू वाढणारी, थोडक्या उजेडावर आणि जवळजवळ काहीच न खाता जगणारी. नेच्याचा कंद तिनं वाळूत पुरला आणि तो कुजायला लागला. तो वाळूत पुरायचा नसतो, दगडाला दोऱ्यानं बांधायचा असतो, हे यजमानांनी पुस्तकातून शोधून काढलं. उलट त्या काळपट झुडपाची सगळी पानं आठवड्यात विरघळून गेली तेव्हा यजमान ते उपटून टाकायला निघाले, तर तिनं त्यांचा हात धरला. जागा बदलली की हे असंच पानं टाकतं, मुळाला हात लावू नका, म्हणाली. महिन्यानं त्याच मुळातून नवी पानं आली.

मग मासे आले, आणि जगले. पेटी स्थिरावली. सकाळी परसातून ऊन आत येई तेव्हा त्या तांबूस पाण्यात नेच्याची पानं हलत आणि आक्का काम टाकून तिथं उभी राही. फार वेळ नाही, सासूबाईंची हाक येईपर्यंत. पण ती उभी राहिली की मला कळे की ती बेळगावात नाही. तिचं त्या घरात स्वतःचं असं काहीच नव्हतं. लुगडी दिलेली, वळकटी दिलेली, ताट निराळं. फक्त ती पेटी तिची होती. म्हणून तिला काही झालं तर काय, ही धास्ती मला आधीपासून होती. 

यजमानांची निपाणीला बदली झाली आणि घरात सासूबाई आणि आक्का दोघीच राहिल्या. लढाईची वर्षं आली. गाड्यांना गर्दी, माणसांना जागा नाही तिथं मडक्यांना कोण देणार. आणि एके वर्षी परसूमामाच गेले. ओढ्याचं पाणी थांबलं. आक्कानं हार मानली नाही. पावसाचं पाणी हलकं असतं हे तिला यजमानांनी सांगितलं होतं, म्हणून ती पागोळ्यांचं पाणी रांजणात साठवी, त्यात परसातल्या जांभळीची सुकी पानं टाकी आणि उन्हाळ्यात ते जपून जपून वापरी. पेटी तशीच राहिली. त्याच काळात सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी उजेड-अंधार कळे, मग तोही कळेनासा झाला. एवढ्या ताठ बाईला भिंत चाचपत चालावं लागलं. एका हिवाळ्यात त्या फार आजारी पडल्या तेव्हा आक्कानं त्यांचं सगळं केलं. अंग पुसण्यापासून सगळं. आम्ही गेलो होतो, पण माझ्या हातचं त्यांना काही रुचेना. थोरलीला बोलवा, म्हणत. त्या दुखण्यातून उठल्यावर सासूबाईंनी तिला पहिल्यांदा ‘पोरी’ म्हटलं.

हे मला आक्कानं सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मला राग आला. सगळा जन्म जाळून झाल्यावर एक शब्द फेकायचा आणि हिनं तो असा ओंजळीत धरायचा... पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

आणि मग ते झालं. उन्हाळ्याचे दिवस होते, रांजण तळाला गेला होता, आणि आक्का काळजीत आहे हे सासूबाईंना कळलं. त्या आंधळ्या बाईला तिच्या पावलांवरून सगळं कळे. त्यांचा स्वतःचा एक तांब्याचा मोठा हंडा होता, देवाच्या आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा. सोवळ्यातला. त्याला आक्कालासुद्धा इतकी वर्षं हात लावायची परवानगी नव्हती. तो हंडा त्यांनी चाचपत चाचपत चिंच लावून स्वतः घासला, लखलखीत केला. रांजणातलं उरलेलं पावसाचं पाणी त्यात भरून आठवडाभर झाकून ठेवलं, तांब्यातलं पाणी शुद्ध होतं म्हणून, आणि मग आक्काच्या खांद्याला धरून मागच्या खोलीत जाऊन तांब्याभांड्यानं ते आपल्या हातानं पेटीत ओतलं. ज्या पेटीचा त्यांना इतकी वर्षं विटाळ होता तिच्यात. ‘पोरी, तुझ्या झाडास्नी चांगलं पाणी,’ म्हणाल्या. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीनं हेच केलं असतं. चांगलं पाणी म्हणजे तांब्यातलं.

आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा पेटीत एकही मासा नव्हता. शेवाळ तपकिरी होऊन दगडावरून सुटलं होतं, नेच्याची पानं काळी पडून चिकट झाली होती, आणि ते काळपट झुडूप, जे एकदा मुळातून परत उठलं होतं, त्याचं मूळही बोटानं दाबलं तर मऊ लागत होतं. यजमानांना कारण समजायला वेळ लागला नाही. हलकं, आंबटसर पाणी घासलेल्या तांब्यात ठेवलं की ते तांबं खातं. माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण माशांना आणि त्या झाडांना ते विष. विहिरीचं जड पाणी असतं तर एवढं झालं नसतं. नेमकं जे पाणी तिनं थेंब थेंब जपलं होतं त्यातच ते विरघळलं. यजमान आईला सांगायला उठले. आक्का दारात आडवी उभी राहिली. मोठ्या दिरासारखा मान देणारी बाई, झाडांवरची भांडणं सोडली तर कधी त्यांच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती.

‘‘भावोजी, त्यास्नी सांगू नगा. त्येंनी आपल्या हातानं मला काय तरी दिलंय. ह्या घरात पयल्यांदा. ते इख हाय म्हणून कसं सांगू मी?’’

मी म्हटलं, आक्का, तुझी पेटी गेली. ती म्हणाली की झाडं परत लावता येतील. पण कशी लावणार होती? सासूबाई वळवाच्या, मग पागोळ्यांच्या साठवलेल्या पाण्यानं आठवड्याला एक हंडा भरत आणि स्वतःच्या हातानं ओतत. ते त्यांचं व्रत झालं होतं. आक्कानं एकदा भीत भीत सुचवून पाहिलं की मातीच्या घागरीत ठेवू या का, पाणी गार राहील. त्यावर त्या म्हणाल्या की माझ्या हंड्याचा आता तुला विटाळ होतो काय. चार दिवस बोलल्या नाहीत. तिनं परत विषय काढला नाही. ओतलेलं पाणी उपसून टाकलं तरी पुढच्या आठवड्याला नवं येई, आणि तोवर वाळूत, दगडांत सगळीकडे तांबं मुरलं होतं. मी तिच्यावर चिडले, सासूबाईंवर चिडले, यजमानांवर तर दिवसभर चिडले. कुणावर चिडून काही होत नव्हतं. एक म्हातारी प्रेमानं ओतत होती आणि एक बाई ते हात जोडून घेत होती आणि मधे सगळं मरत होतं.

निघताना आक्कानं यजमानांना बाजूला बोलावलं. तांब्याच्या पाण्यात जगणारं एखादं झाड असेल का, असं विचारलं. कुठलंही चालेल, दिसायला कसंही असू दे. ओढ्यावरचं नसलं तरी चालेल. एवढी निवड करणारी बाई, सावली कुठली आणि धोंडा कुठला हे डोळे मिटून सांगणारी, आणि आता कुठलंही चालेल म्हणत होती. यजमान तिला नाही म्हणू शकले नाहीत.

निपाणीच्या घराच्या मागच्या पडवीत मग बरण्यांची ओळ लागली. यजमानांनी एक तांब्याची कळशी घासून तिच्यात पावसाचं पाणी ठेवायचं आणि ते बरण्यांत घालून पाहायचं असं सुरू केलं. तळ्यातली, विहिरीच्या पायऱ्यांवरची, वेदगंगेच्या काठची, मिळेल ती झाडं आणली. पाणवेल गेली. कमळाच्या जातीचं एक रोप गेलं. गुंजीकडे कुणी जाणारं भेटलं की नेचा मागवायचा, तोही जायचा. मी रोज सकाळी झाडलोट करताना त्या बरण्यांकडे बघत असे आणि एक तरी हिरवी राहू दे म्हणून देवाला सांगत असे. मी फार देवाची बाई नाही. निपाणीच्या जड पाण्यात घातलं तर तांबं थोडं सौम्य होई, पण मग आंबट पाण्यातली ती झाडं जड पाण्यानंच मरत. दोन्हीकडून कोंडी. दर वेळी बेळगावला जाताना यजमान काही तरी नवं घेऊन जात, आक्का ते जपून लावी, आणि पुढच्या भेटीत पेटीत नुसतं पाणी आणि दगड.

आमची शेवटची भेट वैशाखात झाली. ती फार वाळली होती. पेटीच्या काचा मात्र लख्ख पुसलेल्या होत्या. मी तिला म्हटलं, आक्का, आता तरी सांग त्यांना, त्या तुला काही खाऊन टाकणार नाहीत. ती म्हणाली, ‘‘इंदे, त्या किती दिवसांच्या? आणि मी तरी किती दिवसांची? झाडं काय, झाडं मी पायलेली हायत.’’ मी तिच्यापुढे रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि यजमानांना म्हणाली की भावोजी, तेवढं शोधा हं, सोडू नगा. म्हणजे तिनं आशा सोडली नव्हती. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मनाची समजूत घातलेलं माणूस मरतं तेव्हा निदान एवढं तरी वाटतं की त्याचं त्यानं मिटवलं होतं. हिचं काहीच मिटलं नव्हतं. हिला दोन्ही हवं होतं, सासूचं पाणी आणि ओढ्यावरचं झाड, आणि दोन्ही एका पेटीत मावत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला यजमानांना एक मार्ग सापडला. कळशीतलं पाणी आधी कुजक्या पानांच्या जाड थरावर आठवडाभर ठेवलं की पानं तांबं धरून ठेवतात, पाणी निवतं. तसल्या पाण्याच्या एका बरणीत नेचा टिकला. नवं पान आलं. पेटीच्या तळाशीच पानांचा जाड थर दिला तर वरून ओतलेलं पाणीही निवेल, असं त्यांना वाटत होतं. खात्री नव्हती. नदीचं पाणी ओसरलं की घेऊन जाऊ, म्हणाले. मग तो पोतं पांघरलेला माणूस आला. घाईत ती बरणी पडवीतच राहिली, आणि तेराव्यानंतर यजमान निपाणीला परतले तेव्हा तोही नेचा काळा पडला होता.

मी बेळगावातच राहिले, सासूबाईंपाशी कुणीतरी हवं म्हणून. खरं सांगायचं तर मला त्यांच्याजवळ राहायचं नव्हतं. त्यांना सगळं सांगून टाकायचं, आक्का नाही तर आता कुणाची भीड, असं मी मनाशी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तेराव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सासूबाईंनी हंडा घासला. चिंचेचं पाणी अंगावर उडत होतं. आठवडा झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. माझ्या खांद्याला धरून मागच्या खोलीत आल्या, पेटीच्या काठाला हात लावून पाणी ओतलं, आणि तिथंच, आक्काची वळकटी असायची त्या जागी, खाली बसल्या.

‘‘धाकटे,’’ म्हणाल्या, ‘‘सांग की आता. थोरली रोज सांगायची. माझं पाणी मानवलं म्हणायची झाडास्नी. नेच्याला दोन पानं नवी आल्यात, ते काळं झुडूप दगडाच्या पलीकडं गेलंय, मासं त्याच्या सावलीला बसत्यात... मी ऐकत बसायची. डोळं असताना एकदाबी बघितलं न्हाय बघ मी. आज काय काय आलंय?’’

माझ्यासमोर काचेत दगड होते आणि स्वच्छ पाणी होतं. तळ दिसत होता. मी गुंजी कधी पाहिलेली नाही. तो ओढा, ती जांभूळ, ते खालचं वळण, काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. जुळवलेली वाक्यं ओठांशी आली आणि त्या आंधळ्या बाईचा पेटीकडे वळलेला चेहरा पाहून तिथंच अडली.  मी तोंडावर पदर दाबून बसले, हुंदका बाहेर पडू नये म्हणून श्वास धरला, पण म्हाताऱ्यांचे कान तिखट असतात. सासूबाईंनी आपल्या अंधारात हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

‘‘असू दे,’’ म्हणाल्या. ‘‘तीबी रोज आधी अशीच बसायची. मग सांगायची.’’